तांब्याच्या पलीकडचे आबासाहेब

चुडावा, ता. ११ जुलै १९५७

ग. भा. ती. नर्मदाआत्याबाईंस चतुराचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी मॅट्रिक पास झाले हे अण्णांनी तुम्हाला कळवलं असेलच. पुढे माझं काय करायचं हे मात्र कळवलं नसणार, कारण ते त्यांनाही ठाऊक नाही. आईला ठाऊक आहे, पण ती मला सांगत नाही. पाव्हणे आले की मला नवं लुगडं नेसवते, एवढंच.

आत्याबाई, मला मुंबईच्या चित्रशाळेत शिकायचं आहे. तुम्ही तिथे शिकलात आणि आता दादरला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवता. आपल्या घरात हे कुणी मोठ्याने बोलत नाही. कुणी तुमची चौकशी केली की आई म्हणते, "त्या तिकडं नोकरीला हायत," आणि लगेच पाव्हण्यांना चहा विचारते. आमच्या शाळेत ड्रॉइंगचा तास होता, पण त्या तासाला बाई स्वेटर विणायच्या आणि आम्हाला लोकर धरायला बसवायच्या. तेव्हा तुम्हीच मला पत्राने शिकवावं ही विनंती.

सोबत मी काढलेलं देवीचं चित्र पाठवते आहे. कॅलेंडरवर बघून काढलं. गावात सगळ्यांना आवडलं. सखारामकाका तर चित्राला पायातलं काढून हात जोडून गेले.

आपली आज्ञाधारक,
चतुरा


दादर, ता. २१ जुलै १९५७

चि. चतुरास अनेक आशीर्वाद.

आधी माझ्या नावामागचं ते 'ग. भा.' काढून टाक. दादरला गंगा नाही आणि भागीरथीही नाही. इथे नळ आहे, तो पहाटे येतो आणि माझी वेणी होईपर्यंत जातो. नुसतं 'आत्या' लिही.

आता तुझी देवी. बाईच्या सगळ्या हातांत शस्त्रं आहेत आणि एकाही हाताला कोपर नाही. राक्षसाने दोन पावलं बाजूला सरकायचं ठरवलं तर ती काय करणार? डोळे कानापर्यंत गेले आहेत, आणि कान कुठे गेले ते तिलाच ठाऊक. वाघ म्हणजे आपल्या म्हशीचं रेडकू आहे, अंगावर पट्टे ओढल्यामुळे ओशाळलेलं. तू वाघ पाहिला आहेस का? त्या कॅलेंडरवाल्यानेही पाहिलेला नाही. सखारामकाकांनी हात जोडले ते देवीला. चित्र बघून कुणी पायातलं काढत नाही.

पुढच्या पत्रात देव, वाघ, मोर, उगवता सूर्य किंवा झोपडीमागे वळणारी नदी यांपैकी काही आलं तर मी ते चुलीत घालीन. पंधरा दिवस फक्त रेघा ओढ. उभ्या, आडव्या, तिरप्या, पट्टीशिवाय. त्यानंतर घरातला एक तांब्या समोर ठेव आणि तो काढ. खोडरबर वापरायचं नाही. ते अण्णाला देऊन टाक, त्याच्याकडे खोडण्यासारखं पुष्कळ आहे.

चित्रशाळेत प्रवेश हवा तर आधी सरकारी ड्रॉइंगची परीक्षा पास व्हावी लागते. तुम्ही आता हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला आहात, त्यामुळे ती परीक्षा या हिवाळ्यात परभणीलाही होणार असं ऐकते. राज्य बदलून कुणाचं तरी काही भलं व्हायलाच हवं होतं.

आत्या


चुडावा, ता. १४ ऑगस्ट १९५७

ती. आत्यास नमस्कार.

रेघा ओढून ओढून घरातले सगळे कागद संपले. आता अण्णांच्या जुन्या उर्दू पावत्यांच्या पाठीवर काढते आहे. अण्णांनी विचारलं, "हे काय करायलीस?" मी म्हटलं, "रेघा." ते म्हणाले, "त्या कशाच्या?" मी म्हटलं, "कशाच्याच नाहीत." त्यांनी आईकडे पाहिलं. आईने माझी दृष्ट काढली.

तांब्या पाठवते आहे. आई म्हणते, घरात एवढे तांबे पडले असताना कागदावर आणखी एक कशाला? मलाही हा तांब्या पटत नाही. पोट बरं आलं, पण वर तोंड काढलं की तो तांब्या न राहता बाईने डोक्यावर रोवळी घेतल्यासारखा दिसतो. तोंड गोल आहे, म्हणून मी वाटी ठेवून चांगलं गोल काढलं. तरी असं का व्हावं?

चतुरा


दादर, ता. २३ ऑगस्ट १९५७

चि. चतुरास,

तोंड गोल आहे हे तुला माहीत आहे, म्हणून तू गोल काढलंस. तुला काय माहीत आहे हे कुणी विचारलं होतं? दिसतं काय, ते काढ. समोर बसून बघ. तांब्याचं तोंड चपटलेलं दिसेल, जत्रेत पोराने फुगा दाबून धरावा तसं. मान खाली केलीस की आणखी चपटेल. आपल्या माणसांचं सगळं आयुष्य माहीत असलेलं बघण्यात जातं. समोरचं कुणी बघत नाही.

आता माप घ्यायला शीक. हात खांद्यापासून ताठ समोर धर, कोपर वाकवायचं नाही. (तुझ्या देवीला हे सोपं जाईल.) हातात पेन्सिल उभी धर, एक डोळा मीट, आणि पेन्सिलीच्या टोकापासून अंगठा खाली सरकवत तांब्याची उंची त्यावर धर. मग पेन्सिल आडवी करून तीच लांबी रुंदीला लावून बघ. पेन्सिल नसेल तेव्हा नुसता अंगठा उभा धरूनही सराव कर. दिसेल त्याचं माप घे, झाडाचं, घराचं, माणसाचं. लाजायचं नाही.

तांब्याचं पोट खरंच बरं आलं आहे. हे मी तुला पुन्हा सांगणार नाही.

आत्या


चुडावा, ता. २६ सप्टेंबर १९५७

ती. आत्यास नमस्कार.

आत्या, आता मला दिसायला लागलं! कडुनिंबाचं, रहाटाचं, स्टेशनच्या सिग्नलचं, सगळ्यांचं माप घेते. अण्णांचं डोकं त्यांच्या उंचीच्या मानाने फार मोठं आहे. आईलाही ते मान्य आहे.

सोबतचं चित्र गेल्या आठवड्यातलं आहे. जिंतूरकडचे आबासाहेब म्हणून एक गृहस्थ अण्णांचा बैल बघायला आले होते. बैल गोठ्यात होता, पण ते ओसरीतच बसून राहिले. त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला होता, आपला तो मोठा, चिंचेने घासलेला. त्यावर असा काही उजेड पडला होता की मी माजघराच्या दारात बसकण मारली. चौकटीला टेकून वही मांडीवर घेतली आणि माप धरलं. कुणाला त्रास नको म्हणून तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

पण गृहस्थ फार चुळबुळे निघाले. सारखे हलायचे, मागे बघायचे, आणि त्यांच्या धोतराची सावली तांब्यावर पडायची. मी बोटाने खूण केली, जरा इकडे सरका म्हणून. ते सरकले, पण उलट्या बाजूला. मग पुन्हा खूण केली. शेवटी चित्र ऐन रंगात असताना त्यांनी तांब्या उचलून सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं, बैल न बघताच उठले आणि गेले. म्हणून तांब्यामागे अर्धीच मिशी राहिली आहे.

तेव्हापासून आई रोज धने भिजवते आणि त्या धन्याच्या पाण्याने माझा डावा डोळा धुते. डोळा चांगला आहे म्हटलं की रडते. ओढ्यावर गेले की बाया बोलायच्या थांबतात. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. काय झालं आहे ते मला कुणी सांगत नाही.

चतुरा


चुडावा, ता. ३० सप्टेंबर १९५७

चि. नर्मदेस दत्तरावाचे आशीर्वाद.

तू माझी धाकटी बहीण आहेस म्हणून मुलाहिजा ठेवून लिहितो. पोरीला पत्रातून तू हे काय शिकवलंस त्याचा खुलासा पाहिजे.

जिंतूरचे आबासाहेब बैल बघायला आलेले नव्हते. पोरगी बघायची तर आधी वडीलधाऱ्याने बैलाचं नाव काढून एक चक्कर टाकायची, ही आपल्याकडची रीत तू विसरली नसशील. त्यांचा बन्सीधर आठवी शिकला आहे, कोरडवाहू नाही, विहिरीची जमीन आहे. मी त्यांच्याशी सरकीच्या भावाचं बोलत होतो. माझी पाठ माजघराकडे होती. आबासाहेबांचं तोंड तिकडे होतं.

पोरीने त्यांना डोळा मारला. एकदा नाही, दर घटकेला. वर हात ताठ करून ठेंगा दाखवला. मग बोटाने इकडे या म्हणून खुणावलं. आबासाहेब आजोबा झालेला माणूस. त्यांना घाम फुटला. जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दत्तराव, ठेंगा दाखवायलीय का बोलवायलीय, तेवढं तरी एकदा ठरवा म्हणावं."

इथवर असतं तर मी निस्तरलं असतं. त्यांनी घरी जाऊन बायकोला, कासाबाईंना, सांगितलं, पोरीने मला डोळा मारला. कासाबाई म्हणाल्या, "तुमाला? आरशात बघितलंय का कदी? तुमाला कोण डोळा मारायलंय! पोरीचा डोळाच अधू असंल." झालं. आता निम्मा मुलूख म्हणतो पोरगी चवचाल आहे, आणि निम्मा म्हणतो काणी आहे. कालच्या बाजारात दोन माणसं याच्यावर वाद घालताना मी स्वतः ऐकली. पोरीची आई दुसऱ्या पक्षाला मिळाली आहे आणि डोळ्याला औषध घालते आहे.

पोरीची वही मी कुलपात ठेवली आहे. तुझी पत्रं बंद.

दत्तराव


दादर, ता. ६ ऑक्टोबर १९५७

ती. अण्णास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि इतकी हसले की हेडबाई पाणी घेऊन धावत आल्या. त्यांनी आणलेला तांब्या बघून पुन्हा हसू आलं.

खुलासा असा. चित्र काढताना माप घ्यायला एक डोळा मिटतात आणि अंगठा समोर धरतात. जगभर असंच करतात. पोरगी तांब्याकडे बघत होती. तुझे आबासाहेब तांब्याच्या पलीकडे बसले होते, एवढाच त्यांचा या प्रकरणाशी संबंध. एका तरुण मुलीने आपल्यापेक्षा तांब्या बघणं पसंत केलं, हे त्यांच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. कासाबाईंच्या मात्र लगेच ध्यानात आलं. त्या बाईला माझा नमस्कार सांग.

आता तुझ्यापुढे तीन वाटा आहेत. एक, गावाला सांग की पोरगी डोळा मारते. दोन, सांग की ती काणी आहे. तीन, खरं ते सांग, की ती चित्र शिकते आहे आणि सरकारी परीक्षेला बसणार आहे. इज्जत ज्या वाटेने वाचते ती तू निवड. पण तिसरी सांगितलीस तर परीक्षेला बसवावं लागेल. नाहीतर लोक म्हणतील, परीक्षा कसली, डोळाच तो.

मी घर सोडून इथे शिकायला आले तेव्हा तू स्टेशनवर आला नव्हतास. मी गाडी सुटेपर्यंत फाटकाकडे बघत होते. मी ते विसरलेले नाही, आणि आज राग धरूनही लिहीत नाही. या वेळी तरी ये, एवढंच म्हणते.

वही परत दे.

नर्मदा


चुडावा, ता. २ डिसेंबर १९५७

ती. आत्यास नमस्कार.

वही मिळाली. तुमचं पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "तांब्या घे अन् चल." मला वाटलं विहिरीवर नेतात. नेलं चावडीवर. सगळ्या माणसांसमोर तांब्या पारावर ठेवला आणि म्हणाले, "हे सरकारी माप हाय. इम्तिहान हाय याचा परभणीला. ज्याला शक असंल त्यानं करून बघावं."

आधी कुणी हलेना. मग सखारामकाकांनी एक डोळा मिटला. मग मुंजाजी पाटलांनी. हां हां म्हणता अख्खी चावडी हात पुढे करून अंगठे धरून बसली, आणि पाटील सरकारी आवाजात म्हणाले, "बराबर हाय. ह्यो तांब्या माझ्या अंगठ्यावढा हाय." दोघांत भांडणही लागलं, कारण दुसऱ्याला तो अर्ध्या अंगठ्याएवढा दिसत होता. तो लांब बसला होता हे मी सांगितलं, तर माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले, जशी मी तहसीलदारीणबाई! आता गावात कुणी काही विकत घेतलं की आधी एक डोळा मिटून बघतो. आईने धन्याचं पाणी बंद केलं.

मी फार खुशीत होते. पण आत्या, परवा आबासाहेबांचा निरोप आला. सरकारी माप असल्याचं त्यांच्याही कानावर गेलं. आता त्यांची हरकत नाही. लग्न फाल्गुनात करू म्हणतात, मात्र सुपारी त्याआधी फुटली पाहिजे. अण्णांची इज्जत परत आली, त्यामुळे आता मला परीक्षेला न्यायचं कारणच उरलं नाही. आई खूश आहे.

माझी परीक्षा आणि सुपारी एकाच आठवड्यात आली आहे. मला जिंतूरला जायचं नाही. बन्सीधर वाईट असतील असं नाही, मी त्यांना पाहिलेलंही नाही. पण मला आत्ताच कुठे दिसायला लागलं होतं. काय करू?

चतुरा


दादर, ता. ११ डिसेंबर १९५७

चि. चतुरास अनेक आशीर्वाद.

मला भीती वाटते आहे. भीती वाटली की मी टोचून बोलते, हे तुला एव्हाना कळलं असेल. म्हणून आज कमी लिहिते.

मी तिकडे येऊन भांडले तर अण्णा हट्टाला पेटेल आणि तुझी सुपारी दुसऱ्याच दिवशी फुटेल. तेव्हा तू स्वतः त्याच्यासमोर उभी राहा आणि 'मला शिकायचं आहे' एवढंच म्हण. रडू नकोस, आणि आईला मध्ये घालू नकोस. पुढे तो काय करील ते मला माहीत नाही. तो वाईट माणूस नाही, भित्रा आहे. भित्र्या माणसांना चारचौघांत बोललेला शब्द मोडता येत नाही, आणि चावडीवर तो बोलून बसला आहे.

तोवर रोज तांब्या काढ. दोन वांगी शेजारी ठेव. वांग्यांना भाव देऊ नकोस, परीक्षेत ती नेहमी पुढे पुढे करतात.

आत्या


परभणी, ता. १ फेब्रुवारी १९५८

चि. नर्मदेस दत्तरावाचे आशीर्वाद.

हे पत्र स्टेशनच्या बाकावर बसून लिहितो आहे. पोरगी शेजारी बसून हमालाचं माप घेते आहे. हमालाने एकदा केस नीट केले.

पोरीने महिन्यामागे मला सांगितलं, मला शिकायचं आहे. चावडीवर बोलून बसलो होतो, म्हणून परीक्षेला घेऊन आलो. परीक्षा द्यायची, तिकडून सुपारी फोडायची आणि घरी जायचं असा माझा बेत होता, हे तुला खरंच सांगतो. आबासाहेब इथेच धान्याच्या मोंढ्याजवळ त्यांच्या पाव्हण्यांकडे उतरले होते. ते म्हणाले, चला, मीही बघतो तुमचं सरकारी माप.

हॉलच्या शेवटच्या खिडकीशी आम्ही दोघं जाऊन उभे राहिलो. आत टेबलावर एक तांब्या, दोन वांगी आणि एक घडी घातलेलं फडकं ठेवलं होतं. टेबल नेमकं आमच्या खिडकीसमोर होतं. सगळी पोरं-पोरी टेबलाकडे तोंड करून बसली होती. घंटा झाली. आणि नर्मदे, अख्ख्या हॉलने एकदम आबासाहेबांना डोळा मारला आणि ठेंगा दाखवला.

आबासाहेब भिंतीच्या आड झाले. घाम पुसून म्हणाले, "दत्तराव, पोरीत खोट न्हाई हे मला कळलं. पर लग्नानंतर हे बंद करायला लागंल. आमच्या घरात सासऱ्याकडं एक डोळा झाकून बघायची रीत न्हाई." मी म्हटलं, "ती तुमच्याकडं बघत नव्हती आबासाहेब, तवाबी अन् आताबी." ते म्हणाले, "तेच तर."

मी पुन्हा खिडकीतून पाहिलं. चतुरा तिसऱ्या रांगेत होती. मला सवय लागली आहे, हात आपोआप वर गेला. एक डोळा मिटला, अंगठा धरला. माझी एवढी मोठी पोरगी अंगठ्याच्या नखात मावली. मला वाटलं, जिंतूरला दिली तरी मला ती एवढीच दिसणार आणि मुंबईला धाडली तरी एवढीच दिसणार. मला लांबच पडणार आहे. मग निदान तिला तरी जवळचं दिसू दे.

आबासाहेबांना तिथेच नाही म्हणून सांगितलं. ते बैलाचंही नको म्हणाले. तिच्या आईला काय सांगायचं ते गाडीत ठरवीन.

निकाल लागला की जूनमध्ये तिला घेऊन मी स्वतः येतो. तू स्टेशनवर ये. मागे मी आलो नव्हतो, खरं आहे. घरीही बसलो नव्हतो. फाटकापलीकडच्या बाभळीखाली उभा होतो. तू खिडकीत होतीस, नखाएवढी.

खिडकीशी उभा असताना डोळ्यांना पाणी आलं. एक डोळा मिटला की पाणी एकाच डोळ्यातून येतं असं वाटलं होतं, पण दोन्हीतून आलं. परीक्षेत डोळे शिणले तर असावं म्हणून पोरीच्या आईने धन्याचं पाणी बरोबर दिलं होतं, ते मीच लावून घेतलं.

दत्तराव